फाईल मालकाची, आयुष्य माझं

ज्यांना कानात हेडफोन घालायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी या आठवड्याचा भाग इथे लिहून टाकतोय. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, थोडी काटछाट केली आहे इतकंच.

गेल्या महिन्यात तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. "दादा, ऑस्ट्रेलियात एक जण स्पॉन्सर करायला तयार आहे. जाऊ का?" कुणी शेफ आहे, कुणी वेल्डर, कुणी आयटीवाला. मी प्रत्येकाला उलट विचारलं, "स्पॉन्सरबद्दल तुला काय माहीत आहे?" उत्तर बहुतेक वेळा एकच: "माणूस चांगला आहे."

आता मी स्वतः या चक्रातून गेलोय. साडेचार वर्षं गेली त्यात, आणि त्यातली बरीचशी एका ट्रिब्युनलच्या तारखेची वाट बघण्यात. माझा मालकही चांगला माणूस होता. तरीही फाईल नापास झाली. म्हणून आज सगळं नीट सांगतो.

सुरुवातीला थोडं व्याकरण. कंटाळू नका, दोन मिनिटांत संपेल. ऑस्ट्रेलियात मालकामार्फत मिळणाऱ्या व्हिसात दोन गोष्टी वेगवेगळ्या असतात. एक तुमचा व्हिसा अर्ज. तुमचं शिक्षण, अनुभव, इंग्रजी, तब्येत, पोलिसांचा दाखला, हे सगळं त्यात. दुसरी गोष्ट म्हणजे नॉमिनेशन. हा अर्ज मालक करतो. त्यात तो सरकारला सांगतो की माझ्या धंद्यात अशी अशी जागा आहे, ती खरी आहे, पूर्ण वेळेची आहे, पगार इतका आहे, आणि त्या जागेवर मला हा माणूस हवाय. तात्पुरत्या व्हिसासाठी याच्याआधी मालकाला स्पॉन्सर म्हणूनही मंजुरी घ्यावी लागते.

कळलं का? नॉमिनेशनमध्ये तपासणी तुमची होत नाही. मालकाची होते. धंदा खरंच चालू आहे का, दोन वर्षं पगार द्यायची ताकद आहे का, त्या जागेची खरोखर गरज आहे का, कामगार कायदे पाळतो का. तुम्ही जगातले सर्वांत भारी कुक असा, हे कागद कमी पडले तर नॉमिनेशन नामंजूर. आणि नॉमिनेशन नामंजूर म्हणजे तुमचा व्हिसाही नामंजूर. आपोआप.

माझं हेच झालं.

मी इचलकरंजीचा. २०१५ ला मेलबर्नला कुकरीचा कोर्स करायला आलो. कोर्स झाल्यावर व्हिक्टोरियातल्या एका छोट्या गावात इंडियन रेस्टॉरंटमध्ये लागलो. गावाचं नाव सांगत नाही, मालकांचंही नाही. आम्ही सगळे त्यांना पाजी म्हणायचो. साठ-सत्तर खुर्च्यांचं हॉटेल, किचनमध्ये आम्ही तिघं. २०१७ च्या डिसेंबरमध्ये पाजींनी माझं नॉमिनेशन टाकलं, १८७ नंबरच्या व्हिसासाठी. शहराबाहेरच्या भागातल्या मालकांसाठीची ती कायम वास्तव्याची स्कीम होती. २०१९ च्या नोव्हेंबरपासून नव्या लोकांसाठी ती बंद झाली आणि ४९४ नंबरचा व्हिसा आला. पण तेव्हा आमच्यासारख्यांचा तोच रस्ता होता.

मार्च २०१९. डिपार्टमेंटने पाजींच्या एजंटला मेल पाठवून आर्थिक कागद मागवले होते. अकाउंटंटने जुन्या वर्षाचे पाठवले, नव्या वर्षाचे राहिले. नॉमिनेशन नामंजूर. कारण काय, तर पूर्ण वेळचा कुक दोन वर्षं ठेवायची या धंद्याची ताकद आहे याची आमची खात्री पटली नाही.

मला हे कसं कळलं माहितीये? पाजींकडून नाही. मला डिपार्टमेंटचं वेगळं पत्र आलं. तुमच्या मालकाचं नॉमिनेशन मंजूर झालेलं नाही, तुम्हाला काही म्हणायचं असेल तर २८ दिवसांत म्हणा, किंवा अर्ज मागे घ्या. मी रात्री साडेअकराला भांडी लावत होतो. हात पुसले, मोबाईल बघितला, परत भांडी लावायला लागलो. डोक्यात काहीच शिरलं नाही.

दुसऱ्या दिवशी एका वकिलीणबाईंना फोन केला. पहिलंच वाक्य मी असं बोललो, "मॅडम, मला अपील करायचंय." त्या म्हणाल्या, "तुम्हाला नाही करता येणार."

हे वाक्य नीट ऐका, कारण आजचा सगळा भाग या वाक्यावर उभा आहे. नॉमिनेशनचा अर्ज मालकाचा, म्हणून त्यावरचं अपीलही मालकाचंच. फी त्याने भरायची, सही त्याची, मुदत त्याने पाळायची. तुम्हाला त्या फाईलमध्ये पक्षकार म्हणून जागाच नाही. तुम्ही फक्त तुमच्या व्हिसाच्या नामंजुरीवर अपील करू शकता. पण त्या अपिलात ट्रिब्युनल तुम्हाला पहिला प्रश्न विचारणार: मंजूर नॉमिनेशन आहे का? नसेल तर तुमची बाजू कितीही खरी असली तरी ट्रिब्युनलचे हात बांधलेले असतात. दया दाखवून अट सोडून द्यायचा अधिकार त्यांना कायद्याने दिलेलाच नाही.

मग दुसरा मालक शोधला तर? तोही विचार केला. पण तुमचा व्हिसा अर्ज ज्या नॉमिनेशनवर उभा केलाय, त्यालाच तो बांधलेला असतो. मध्येच नवीन मालकाचं नॉमिनेशन त्याला जोडता येत नाही. नवीन मालक म्हणजे सगळं पहिल्यापासून. आणि ऑस्ट्रेलियात असताना एकदा व्हिसा नामंजूर झाला की तिथेच बसून बहुतेक व्हिसांसाठी नवा अर्जही करता येत नाही.

म्हणजे माझं सगळं भवितव्य एका प्रश्नावर येऊन थांबलं. पाजी अपील करतील का?

त्यांच्या जागेवरून बघा. त्यांना काय मिळणार होतं? पैसे जाणार, अकाउंटंटचं बिल वाढणार, कागदपत्रं उपसावी लागणार. कुक काय, दुसरा मिळेल. मुदत होती २१ दिवस. मी रोज कामावर जायचो आणि विषय काढायची हिंमत व्हायची नाही. एकोणिसाव्या दिवशी काउंटरवर बिलं मोजता मोजता तेच म्हणाले, "भर दिया पुत्तर." सुमारे अठराशे डॉलर. पुढे माझा व्हिसा नामंजूर झाला तेव्हा तेवढेच पैसे भरून मीही माझं अपील टाकलं.

घरी सांगितलं. बाबा फोनवर म्हणाले, "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये." मी म्हटलं, "बाबा, हे कोर्ट नाही."

आणि खरंच नाही. ट्रिब्युनल म्हणजे काय ते सांगतो. तेव्हा त्याला एएटी म्हणायचे, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह अपील्स ट्रिब्युनल. १९७६ पासून चालू होतं. १४ ऑक्टोबर २०२४ ला ते बंद झालं आणि त्याच्या जागी एआरटी आलं, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रिब्युनल. जुन्या ट्रिब्युनलमधल्या नेमणुकांत राजकारण शिरलंय आणि केसेसचा ढीग साचलाय, असं सांगून तिथल्या सरकारने ते मोडीत काढलं. काम मात्र तेच आहे. सरकारी अधिकाऱ्याने दिलेला निर्णय पुन्हा पहिल्यापासून तपासायचा. अधिकारी चुकला का, एवढंच बघायचं नाही. त्याच्या खुर्चीत बसून, आज समोर असलेले कागद बघून, योग्य निर्णय कोणता ते ठरवायचं.

यातला "आज" हा शब्द फार महत्त्वाचा आहे. २०१९ ला जे कागद राहिले होते, ते ट्रिब्युनलपुढे देता येतात. नवीन ताळेबंद, नवीन कर भरणा, नवीन पगारपत्रकं, सगळं चालतं. हा फायदा. तोटा काय? अपील पडून असताना धंदा बसला, तर तेही "आज"मध्येच येतं. ट्रिब्युनल म्हणणार, अर्ज केला तेव्हा हॉटेल छान चालत होतं हो, पण आता कुठे आहे?

आणि आमच्या "आज"मध्ये आला कोविड.

व्हिक्टोरियातले लॉकडाऊन आठवत असतील. हॉटेलात बसून जेवण बंद, फक्त पार्सल. सरकारने धंद्यांना पगारासाठी मदत दिली, जॉबकीपर, पण आमच्यासारख्या तात्पुरत्या व्हिसावाल्यांना ती लागू नव्हती. माझा पगार पाजींना गल्ल्यातूनच द्यायचा होता. त्यांनी दिला. मी ब्रिजिंग व्हिसावर होतो, म्हणजे अपिलाचा निकाल लागेपर्यंत राहायची आणि काम करायची परवानगी. सीमा बंद होत्या. आजी गेली तेव्हा मी व्हॉट्सॲपवर बघितलं. बस, त्याबद्दल जास्त बोलत नाही.

आता यातली सगळ्यात अवघड गोष्ट. ही सांगायची की नाही, याचा मी बराच विचार केला.

२०२१ मध्ये हिअरिंगची तारीख आली. वकिलीणबाईंनी दोन वर्षांच्या पेस्लिप्स मागितल्या. बघता बघता त्यांनी विचारलं, "रविवारचे पैसे कुठे आहेत?" तिथल्या नियमाने रेस्टॉरंटमधल्या पूर्णवेळ माणसाला रविवारी दीडपट दर मिळायला हवा. मला साधा दर मिळत होता. आणि मंडळी, हे मला माहीत होतं. दोन वर्षं माहीत होतं. मी बोललो नव्हतो.

का नाही बोललो? कारण फाईल त्यांची होती. त्यांनी एक फॉर्म भरून अपील मागे घेतलं असतं, तर माझं सगळं संपलं असतं. पाजींनी कधी धमकी दिली नाही, आवाजही चढवला नाही. त्याची गरजच नव्हती. माझं तोंड या व्यवस्थेनेच बंद केलं होतं.

आता पेच बघा. नॉमिनेशनच्या अटींमध्ये एक अट अशी की मालकाचा कामगार कायद्याचा रेकॉर्ड समाधानकारक हवा. मी साक्षीत खरं बोललो तर पाजींची फाईल पडते, आणि तिच्याबरोबर माझी. खोटं बोललो तर ट्रिब्युनलपुढे खोटं बोलल्यासारखं होतं, आणि माझेच पैसे मीच बुडवतो. बाई शांतपणे म्हणाल्या, "मी यात खोटी साक्ष चालवणार नाही. मालकांशी बोला."

बोललो. पाय लटपटत होते. पाजी बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले की सगळ्या हॉटेलांत असंच चालतं. मी म्हटलं, हो पाजी, पण सगळ्या हॉटेलांची उद्या हिअरिंग नाहीये. दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी अकाउंटंटला बोलावलं, माझा आणि दुसऱ्या कुकचा, दोघांचाही हिशोब काढला आणि थकलेली रक्कम बँकेतून दिली. त्याची कागदपत्रं आम्ही स्वतःहून ट्रिब्युनलला पाठवली.

हिअरिंग व्हिडिओवर झाली. कोर्टाची पायरी वगैरे काही नव्हती. किचनच्या मागे, पिठाच्या डब्यावर लॅपटॉप ठेवलेला. समोर ट्रिब्युनलच्या मेंबर. त्यांना जज म्हणत नाहीत, मेंबर म्हणतात. पाजींसाठी ट्रिब्युनलने पंजाबी दुभाषी दिला होता. पाजी बोलत असताना मला बाहेर थांबायला सांगितलं. मी पार्किंगमध्ये फेऱ्या मारत होतो.

नंतर पाजींनी सांगितलं, काय काय विचारलं ते. खुर्च्या किती? आठवड्याला किती जेवणं जातात? दोन कुक असताना तिसरा कशाला? हा माणूस रस्सा करतो की कांदे चिरतो? हा शेवटचा प्रश्न सहज नव्हता बरं का. कुक ही कौशल्याची नोकरी धरली जाते, किचनमधला हेल्पर धरला जात नाही. गावातल्या माणसांसाठी जाहिरात दिली होती का, कुणी आलं होतं का? लॉकडाऊनमध्ये पगार कुठून दिला? आणि मग, रविवारचे पैसे आधी का दिले नाहीत?

पाजी म्हणाले, "चूक झाली. कळल्यावर भरली." मला आत बोलावून तोच प्रश्न विचारला. मीही खरं ते सांगितलं. माहीत होतं, घाबरून बोललो नाही. मेंबरनी ते लिहून घेतलं. चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

निकाल तीन महिन्यांनी आला. डिपार्टमेंटचा निर्णय रद्द, नॉमिनेशन मंजूर. रविवारच्या पैशांबद्दल निकालात एक परिच्छेद होता, त्याचा मथितार्थ असा की रेकॉर्ड निर्दोष असायला हवा असं कायदा म्हणत नाही, समाधानकारक असावा म्हणतो. चूक मान्य करून पूर्ण भरपाई केली, हे त्यांनी लक्षात घेतलं. त्यामुळे माझं व्हिसाचं प्रकरण परत डिपार्टमेंटकडे गेलं आणि एप्रिल २०२२ मध्ये व्हिसा आला. दोन्ही अपिलांची अर्धी फी परत मिळाली, जिंकल्यावर मिळते. अर्ज ते व्हिसा, चार वर्षं चार महिने.

ही गोष्ट इथे थांबवली तर तुम्ही म्हणाल, चला, शेवट गोड झाला. म्हणून माझ्या मित्राचंही सांगतो. दोघं एकाच वर्गात शिकलो. तोही कुक, हाताला चव माझ्यापेक्षा भारी. त्याचंही नॉमिनेशन नामंजूर झालं, त्याच्याही मालकाने अपील केलं. पण कोविडमध्ये मालकाने हॉटेल विकलं. नवीन मालक म्हणजे नवीन कंपनी, आणि अपील जुन्या कंपनीचं. जुन्या कंपनीकडे आता धंदाच नाही, म्हणजे नॉमिनेशनची पहिलीच अट गेली. मालकाने अपील मागे घेतलं. मित्राच्या हिअरिंगला मेंबर त्याच्याशी खूप चांगलं बोलले म्हणे. पण मंजूर नॉमिनेशन नाही, म्हणून व्हिसाची नामंजुरी कायम. पुढे कोर्टात जाता येतं, ३५ दिवसांत, पण कोर्ट फक्त कायद्याची चूक झाली का ते बघतं. इथे चूक कुठे होती? सात वर्षं राहून तो परत आला.

आमच्या दोघांच्या कामात, इंग्रजीत, अनुभवात काही फरक नव्हता. फरक होता तो मालकांमध्ये, आणि ते दोघांनाही निवडता येत नव्हतं.

आता तुमच्या कामाचं बोलू. गेल्या काही वर्षांत नियम बदललेत, थोडे आपल्या बाजूने. ७ डिसेंबर २०२४ पासून तात्पुरत्या व्हिसाचं नाव स्किल्स इन डिमांड झालंय, नंबर तोच, ४८२. नोकरी सुटली तर नवीन स्पॉन्सर शोधायला आधी ६० दिवस मिळायचे. १ जुलै २०२४ पासून एका वेळी १८० दिवस आणि सगळे मिळून ३६५ दिवस मिळतात. कायम व्हिसासाठी लागणारी दोन वर्षं आता वेगवेगळ्या मंजूर स्पॉन्सरकडची मिळूनही धरतात. आणि व्हिसाचा धाक दाखवून कामगाराला राबवणं हा १ जुलै २०२४ पासून गुन्हा आहे. तेव्हा हे असतं, तर रविवारचं मी कदाचित आधी बोललो असतो.

पण मूळ गाठ सुटलेली नाही. नॉमिनेशनवरचं अपील आजही मालकाचंच आहे. ४८२ मध्ये तर नॉमिनेशन मंजूर नसेल आणि मालकाचं अपीलही चालू नसेल, तर तुमच्या व्हिसाचं अपील ट्रिब्युनल दाखलच करून घेत नाही. अपिलाची मुदत आता २८ दिवस आहे आणि फी साडेतीन हजार डॉलरच्या आसपास. तुमच्यासाठी मालक तेवढे भरेल का, हे नोकरी घेण्याआधी स्वतःला विचारा.

मग "माणूस चांगला आहे" यापलीकडे काय बघायचं? एक, धंद्याचा नंबर घ्या, त्याला एबीएन म्हणतात. सरकारी वेबसाईटवर फुकट तपासता येतो, कंपनी कधीपासून आहे ते कळतं. दोन, सरकारने कारवाई केलेल्या स्पॉन्सरची यादी ऑनलाईन असते, त्यात नाव नाही ना ते बघा. तीन, पगार. १ जुलै २०२५ पासून सुरू झालेल्या आर्थिक वर्षासाठी किमान मर्यादा वर्षाला ७६,५१५ डॉलर ठरली होती, आणि तुमच्या बरोबरीच्या ऑस्ट्रेलियन माणसाला जितका मिळतो त्याहून कमी चालत नाही. चार, पेस्लिप पहिल्या आठवड्यापासून जपा, वेळेच्या नोंदी स्वतः ठेवा. मला शेवटी त्याच कामी आल्या. पाच, नॉमिनेशन कधी टाकलं, डिपार्टमेंटने काय मागितलं, उत्तर गेलं का, हे विचारत राहा. मालक दाखवेलच असं नाही, पण विचारा.

आणि सहावं, हे लिहून ठेवा. स्पॉन्सरशिपसाठी कुणी पैसे मागितले तर तिथेच थांबा. घेणं गुन्हा आहेच, तुम्ही देणंही बेकायदा आहे, आणि त्यात तुमचा व्हिसा जाऊ शकतो. इकडे पंधरा-वीस लाख मागणारे फिरत असतात. जमीन विकून देऊ नका.

मी जे सांगितलं तो अनुभव आहे, कायदेशीर सल्ला नाही. तुमच्या केससाठी नोंदणीकृत मायग्रेशन एजंट किंवा वकीलच गाठा.

पाजींशी अजून बोलणं होतं. मागे त्यांना विचारलं, एकोणिसाव्या दिवशी पैसे का भरलेत? म्हणाले, "तू विचारत नव्हतास, म्हणून दोन आठवडे गेले. मला वाटलं, तुलाच राहायचं नाहीये."

म्हणजे बघा. मी घाबरून गप्प होतो आणि ते माझ्या विचारण्याची वाट बघत होते. फाईल मालकाची असली तरी तोंड आपलं आहे. वेळेत विचारा, आणि पैशांचं, कागदांचं, मुदतीचं सगळं स्पष्ट विचारा.

चला, भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि असा निर्णय घ्यायच्या तयारीत असलेला कुणी मित्र असेल तर त्याला हा भाग आज रात्रीच पाठवा.